राजाच्या उजव्या हाताचं प्यादं

नवतप्याचा तिसरा दिवस. रामेश्वरीत
दुपारी दोनला कुत्रंसुद्धा नालीत बसून आहे.
कूलरची हवा हलक्या प्याद्यांना जागची हलवते,
म्हणून बाबांनी प्रत्येकाच्या बुडाला
शिशाची गोळी चिकटवली आहे,
मालडब्याच्या सीलमधली.

पांढरे तेच घेतात. विचारत नाहीत.
राजापुढचं प्यादं दोन घरं. माझंही दोन.
मग राजाच्या उजव्या हाताचं,
ज्याला शहाणा माणूस एवढ्यात हात लावत नाही,
ते ढकलतात माझ्या तोंडाशी.
घे.

मी धरमपेठेत पोरं शिकवते, तासाला चारशे.
सांगते, आधी राजाचं दार लावा.
फोनमधलं यंत्र या चालीला बघताक्षणी
उणे चिन्ह लावतं. बाबांना दाखवलं होतं एकदा.
"त्याले म्हणा, बिनाकूलरचं बस माह्यासमोर,
मंग सांग."

घेतलं. त्यांचा घोडा आला, उंट आला.
माझं घोड्यापुढचं प्यादं दोन घरं गेलं,
मग अजून एक, थेट त्यांच्या घोड्याच्या छातीवर.
आणि घोडा हलवायचा सोडून
बाबांनी किल्लेकोट केला, निवांत,
गाडी यार्डात लावून डबा उघडावा तसा.
घोडा तिथेच. टीपॉयवर विसरलेल्या कपासारखा.

इतवारीचे तुळशीराम पौनीकर म्हणायचे,
हेडाऊचा घोडा म्हणजे संक्रांतीचं वाण,
लुटूनच टाकतो.

बाबांना ते कौतुक वाटायचं.
"सामान काऊन मोजतं? मिनिटं मोज.
प्यादं गेलं, घोडा गेला, रूळ मोकळा झाला का नाही?
आता हत्तीले सरळ दिसते तुह्या राजापर्यंत.
तुही अर्धी फौज आंगोय करून रायली अजून."

खरंच होतं. वजिराच्या अंगाचे माझे सगळे
पहिल्या रांगेत, दातांत ब्रश धरून.
आणि राजाच्या डावीकडचं ते एक प्यादं
ज्याला राजाशिवाय कुणाची राखण नाही,
त्यावर उंट येऊन पडला, शह देत. मीच मारला.
राजा बाहेर, उघड्या उन्हात, अनवाणी.

चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड.
कायम शेवटचा डबा, झेंडी, कंदील, एकटे.
धाराखोहच्या घाटात इंजिन वळणापलीकडे जायचं,
त्याची शिट्टी यांच्यापर्यंत उशिरा यायची,
जे घडायचं ते पुढे कुठेतरी घडून गेलेलं.
मला वाटतं, म्हणूनच.
विचारलं तर म्हणतील, फालतू बोलू नको.

एकदा, चार वर्षांपूर्वी, मी मुद्दाम चुकले.
राजाला त्यांच्या रुळावर उभं केलं आणि मात घेतली.
चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी
भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, एवढंच.

त्यामुळे आज चुकत नाही.
ही ओळ मला एकविसाव्या चालीपर्यंत पाठ आहे:
वजीर मध्ये आणायचा, वजिराला वजीर भिडवायचा,
प्यादं हवं असेल तर देऊन टाकायचं, घाई नको.
वजीर गेले की वादळातली हवाच निघून जाते,
उरतो हिशेब. हिशेबात मी
एक उंट, एक घोडा वर.
ते अठ्ठाविसाव्या चालीला राजा आडवा करतात,
करंगळीने, कचरा झटकावा तसा.

"सतराव्याले हत्ती दुपटवायले पायजे होते."
नाही, बाबा. तरीही नाही.
हे मी बोलत नाही.

कूलर खडखडतो, हवेला भट्टीचा वास येतो.
"पाणी संपलं वाट्टे. टाक."
मी उठते. मोरीत बादली भरेपर्यंत
अजनीकडून शंटिंगचा एक धक्का ऐकू येतो,
मग दुसरा, डब्यामागून डबा, शेवटच्यापर्यंत.

वाळा भिजतो. हात पुसत वळते
तर पट मांडलेला. या खेपी पांढरे माझ्याकडे,
मोठ्या मनाने.
राजापुढचं प्यादं माझ्या वतीने दोन घरं गेलेलं,
काळ्याचं उत्तरही झालेलं,
आणि त्यांचा अंगठा माझ्या बाजूला येऊन
उजव्या हाताच्या त्या प्याद्यावर टेकलाय,
जड शिशासकट ते हळूच
पुढे सरकवत.